फटफटीचे मोल आणि पिढीचे वय

जुन्या वस्तूंच्या बाजारात एखाद्या वस्तूला भाव का येतो, असे विचारले तर ‘ती दुर्मिळ आहे म्हणून’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर अपुरे आहे. दुर्मिळ असूनही कोणालाच नको असलेल्या वस्तू आपल्या जुन्या बाजारांत ढिगांनी पडलेल्या असतात आणि किलोच्या भावाने विकल्या जातात. वस्तूला भाव येतो तो ती कोणाला तरी मनापासून हवी असते म्हणून. ती का हवी असते आणि आणखी किती काळ हवी असेल, हे प्रश्न विचारू लागलो की व्यापाराचा विचार मागे पडून माणसाच्या वयाचा विचार पुढे येतो. जुन्या मोटारसायकलींना गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेली तेजी या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

तेजी आहे, यात शंका नाही. एस्कॉर्ट्‌स आणि जपानची यामाहा यांच्या सहकार्यातून १९८५ साली बाजारात आलेली आणि १९९६ साली बंद झालेली आर. एक्स. १०० ही अवघ्या ९८ सी.सी.ची गाडी. चांगल्या स्थितीतील अशा गाडीसाठी आज नव्या मोटारसायकलीइतकी, प्रसंगी तिच्याहून अधिक रक्कम मागितली जाते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील जावा आणि येझदी, ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट, ‘राजदूत ३५०’ या नावाने विकली गेलेली यामाहा, या सर्वांची हीच कथा आहे. ज्या घरांच्या पडवीत किंवा जिन्याखाली अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली पडून आहे, त्या घरांत आता विकावी की ठेवावी, असा प्रश्न चर्चिला जाऊ लागला आहे. ‘आणखी दहा वर्षे थांबा, दुप्पट येतील,’ असा सल्ला देणारेही भेटतात. इतकेच नव्हे, तर निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेपैकी काही भाग अशा गाडीत ‘गुंतवावा’ असा विचार करणारे मध्यमवर्गीय गृहस्थही आढळतात. हा सल्ला कितपत खरा, याची छाननी म्हणूनच अगत्याची आहे.

स्मरणाचे मूल्य

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य असा भेद शिकवला जातो. ॲडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचा दाखला देऊन तो स्पष्ट केला होता. पाण्यावाचून चालत नाही, तरी त्याला किंमत नाही. हिऱ्याचा उपयोग काहीच नाही, तरी त्याला अपार किंमत. जुन्या मोटारसायकलीचे उपयोगमूल्य आज फारच थोडे आहे. कचेरीत वेळेवर पोहोचायचे असेल, पेट्रोल वाचवायचे असेल, पावसात पहिल्या झटक्यात गाडी सुरू व्हावी अशी अपेक्षा असेल, तर कोणतीही साधी नवी गाडी तिच्याहून सरस ठरते. मग तिचे विनिमयमूल्य येते कोठून? ते येते स्मरणातून. ज्याला स्मरणमूल्य म्हणता येईल असा तिसराच पदार्थ या बाजारात विकला जात आहे.

माणसाला आयुष्यातील सर्वच काळ सारखा आठवत नाही. उतारवयात आठवणी सांगायला बसवले तर साधारणपणे वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी सर्वांत अधिक व सर्वांत ठसठशीत असतात, असे मानसशास्त्रज्ञांना अनेक पाहण्यांत आढळले आहे. आपल्याकडील परिस्थितीने या स्वाभाविक ओढीला आणखी धार दिली. १९७० आणि १९८० च्या दशकांत शिक्षक किंवा कारकून असलेल्या वडिलांच्या घरी वाहन आलेच, तर ते बहुधा स्कूटर असे आणि बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मोटारसायकल ही दुसऱ्या कोणाची तरी असे. ती गल्लीतील एखाद्याच्या थोरल्या भावाची असे, साखर कारखान्याच्या संचालकाची असे, किंवा फौजदाराची असे. १९७३ साली ‘बॉबी’ चित्रपट आला आणि त्यातील छोटी राजदूत जी. टी. एस. पुढे ‘बॉबी’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती पाहून थिएटराबाहेर पडलेल्या किती मुलांना ती प्रत्यक्षात घेता आली असेल? जे मिळाले नाही त्याची आठवण मिळालेल्यापेक्षा अधिक काळ टिकते. पुढे ही मुले शिकली, नोकरीला लागली, घराचे हप्ते फिटले, मुले मार्गी लागली आणि पन्नाशीच्या आसपास हाती थोडा पैसा खुळखुळू लागला, तेव्हा ती राहून गेलेली गोष्ट विकत घेण्यास निघाली. आजच्या तेजीचे मूळ येथे आहे.

राजदूत ३५० चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९८३ साली ही गाडी भारतात आली, तेव्हा तिची शक्ती जवळजवळ तीस अश्वशक्ती होती. त्या काळच्या बुलेटपेक्षा ती कितीतरी अधिक होती. परंतु ती महाग होती, पेट्रोल बेसुमार पीत होती आणि तिची दुरुस्ती गावोगावच्या मिस्त्र्यांना उमजत नव्हती. ती खपली नाही आणि त्याच दशकाच्या अखेरीस बंद पडली. बाजाराने जी गाडी तेव्हा नाकारली, तिच्यासाठी आज तोच बाजार झोळी पसरून उभा आहे. यंत्र तेच आहे, तिला लागणारे पेट्रोलही कमी झालेले नाही. मधल्या काळात बदलले ते तिला पाहून हळहळलेल्या मुलाचे वय आणि त्याचा खिसा.

वयाचे गणित

एकदा हे मान्य केले की पुढचे गणित साधे आहे. १९८५ साली जो अठरा वर्षांचा होता, तो १९६७ साली जन्मलेला. २०२५ मध्ये तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला. त्याच्यापाशी पैसा आहे, प्रकृती बरी आहे, हौस आहे. म्हणजे ग्राहक म्हणून तो ऐन भरात आहे. २०४० साली तोच त्र्याहत्तर वर्षांचा असेल. जुनी बुलेट सुमारे एकशे पासष्ट किलो वजनाची. तिला किक मारताना पाय उलटा बसला तर घोटा दुखावतो, हे तरुणपणी हसण्यावारी नेता येते. सत्तरीत नेता येत नाही. गुडघे कुरकुरू लागतात, गाडी स्टँडवर चढवताना कंबर धरते आणि एके दिवशी घरातील मंडळी ‘आता पुरे’ म्हणतात. तेव्हा ही गाडी विकायला निघेल.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ती एकटीच विकायला निघणार नाही. एकाच पिढीने एकाच सुमारास हौसेने जमवलेल्या गाड्या एकाच सुमारास बाजारात येतील. ज्यांनी त्या घ्यायच्या, ते ग्राहक मात्र त्याच वेळी विरळ होत जातील. पुरवठा वाढतो आणि मागणी घटते, तेव्हा किमतीचे काय होते, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही. पुढच्या पिढीलाही आठवणी असतीलच. पण त्या वेगळ्या असतील. बजाजची पल्सर २००१ साली आली. तेव्हा अठरा वर्षांचा असलेला तरुण २०३३ साली पन्नाशी गाठेल. त्याच्या मनात जर काही हुरहूर असेल तर ती पल्सरची असेल, येझदीची नव्हे. त्याच्यामागून आलेली मुले-मुली तर गिअर नसलेल्या स्कूटरवर वाहन चालवायला शिकली. उजव्या पायाखाली गिअर आणि डाव्या पायाखाली ब्रेक असलेली जुनी बुलेट त्यांना प्रेमापेक्षा गोंधळच अधिक देईल.

मोटारसायकलचा छंद आपल्याहून आधी रुजलेल्या देशांत ही प्रक्रिया बरीच पुढे गेली आहे. अमेरिकेतील मोटारसायकल उद्योगाच्या संघटनेने केलेल्या पाहणीनुसार तेथील मोटारसायकल-मालकांचे मध्यक वय १९९० साली ३२ होते. २०१८ साली ते ५० झाले. अठ्ठावीस वर्षांत ते अठरा वर्षांनी वाढले. म्हणजे नवे लोक पुरेशा संख्येने आलेच नाहीत. जुनेच लोक वयाने मोठे होत राहिले. ज्या छंदाचे अनुयायी दरवर्षी आपल्याबरोबर म्हातारे होतात, त्या छंदातील वस्तूंच्या किमतीवर दीर्घकाळ विसंबता येत नाही. टपाल तिकिटांच्या संग्रहाचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. एके काळी शाळेतील पुष्कळ मुलांजवळ तिकिटांची वही असे. त्या वह्या पुढे मोठी रक्कम देतील, अशी पालकांची समजूत होती. आज नातवंडांना पत्र ठाऊक नाही, तर तिकीट कोठून ठाऊक असणार? इंग्लंडात आजोबा-पणजोबांच्या काळातील भक्कम, तपकिरी लाकडी सामानाची तीच गत झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याचे भाव कोसळले. सामान पूर्वीइतकेच भक्कम होते, पण नव्या घरांना आणि नव्या माणसांना ते नको होते.

स्मृती आणि इतिहास

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. किंमत जर केवळ स्मरणावर उभी असेल, तर ज्यांची आठवण असणारा कोणीच उरलेला नाही, अशा गाड्या कवडीमोल व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात तसे झालेले नाही. १९०८ साली बनलेली एक हार्ले-डेव्हिडसन जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत लास व्हेगास येथील लिलावात ९ लाख ३५ हजार डॉलरांना विकली गेली. ती नवी असताना पाहिलेला माणूस आज हयात असणे शक्य नाही. त्याच शहरात जानेवारी २०१८ मध्ये १९५१ सालची व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ही ब्रिटिश गाडी ९ लाख २९ हजार डॉलरांना गेली होती. व्हिन्सेंटचा कारखाना १९५५ सालीच गाड्या बनवण्याचे थांबला. तिची आठवण असणारी पिढीही आता जवळजवळ संपली आहे.

या उदाहरणांतून निष्कर्ष निघतो तो असा की, काही थोड्या वस्तू स्मृतीच्या हद्दीतून इतिहासाच्या हद्दीत जातात आणि तेथे गेल्यावर त्यांना कोणाच्या वैयक्तिक आठवणीचा आधार लागत नाही. व्हिन्सेंटला हे भाग्य का लाभले? रोली फ्री या अमेरिकन स्वाराने १३ सप्टेंबर १९४८ रोजी बॉनव्हिलच्या खारट सपाट मैदानावर, वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून पोहण्याच्या चड्डीवर गाडीवर पालथे पडून ताशी १५० मैलांहून अधिक वेग गाठला, तो व्हिन्सेंटवर. ब्लॅक लाइटनिंग या प्रकारच्या गाड्या तीसच्या आसपासच बनल्या. म्हणजे तिच्याजवळ पराक्रम होता, नवीन यंत्ररचना होती आणि संख्या अत्यल्प होती. याउलट फोर्डची मॉडेल टी ही मोटार पाहा. १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटींहून अधिक बनली. जगाच्या इतिहासावर तिने उमटवलेला ठसा कोणत्याही व्हिन्सेंटपेक्षा मोठा आहे. तरीही तिच्या वयाच्या इतर मोटारींच्या मानाने ती आज स्वस्तात मिळते. कारण ती अजून विपुल आहे आणि तिच्यावर माया असणारे लोक गेले आहेत. इतिहासात नाव राहणे वेगळे आणि बाजारात भाव राहणे वेगळे.

आपल्या गाड्यांना हीच कसोटी लावून पाहावी. बुलेटला इतिहास आहे. १९५० च्या दशकात सीमेवरील गस्तीसाठी सरकारने ८०० बुलेट मागवल्या, १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया स्थापन झाली, १९७० च्या सुमारास मूळ ब्रिटिश कंपनी बंद पडली आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडात निर्यात होऊ लागली. ही कहाणी कोणाही भारतीयाला अभिमान वाटावी अशीच आहे. जावाचेही तसेच. चेकोस्लोव्हाकियातील यानेचेक आणि जर्मनीतील वांडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ साली तयार झालेले हे नाव म्हैसुरात येऊन रुजले आणि पुढे येझदी होऊन १९९६ पर्यंत टिकले. परंतु या गाड्या मोठ्या संख्येने बनल्या. पन्नाशीच्या दशकातील आयात केलेली, मूळ कागदपत्रांसह जपलेली एखादी गाडी, अगदी पहिल्या वर्षाच्या खेपेतील एखादी गाडी, किंवा फारच थोड्या खपलेल्या राजदूत ३५० पैकी सर्व भाग मूळचेच असलेली एखादी, एवढ्याच इतिहासाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतील. इंजिन एका गाडीचे, चासी दुसऱ्या गाडीची, टाकी नवी ठोकून घेतलेली आणि कागद तिसऱ्याच्या नावावर, अशा ज्या गाड्या आज चढ्या भावाने हातोहात जात आहेत, त्यांना तेथे प्रवेश मिळणे कठीण आहे.

आठवणींचे नवे दुकान

जुन्या गाडीला आणखी एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला आहे आणि तो म्हणजे तिचेच नाव धारण करणारी नवी गाडी. जावा हे नाव २०१८ साली परत आले, येझदी २०२२ साली. बजाजने २०१९ मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिले आणि २०२४ मध्ये लूनाही विजेवर परतली. ब्रिटनमध्ये ट्रायम्फने बॉनव्हिल हे जुने नाव २००१ सालीच पुन्हा वापरात आणले होते. गंमत अशी की, ब्रिटिशांच्या या जुन्या नावांचा सांभाळ आता बराचसा भारतात होतो. रॉयल एनफील्ड चेन्नईची आहे, बी.एस.ए. महिंद्र समूहाने २०१६ साली घेतली, नॉर्टन टी.व्ही.एस.ने २०२० साली घेतली आणि ट्रायम्फची ४०० सी.सी.ची गाडी २०२३ पासून पुण्याजवळ चाकण येथे तयार होऊ लागली. उद्योगपतींनी ओळखले आहे की, आठवण हा विकता येण्याजोगा माल आहे. ज्या गृहस्थाला टाकीचा तो गोलवा आणि इंजिनाची ती धडधड तेवढी हवी आहे, त्याला आता ती बटणाने सुरू होणाऱ्या, हमीपत्रासह मिळणाऱ्या नव्या गाडीत मिळते. मग त्याने जुन्या गाडीच्या कार्बोरेटरशी रविवारची सकाळ का घालवावी? घालवणारे घालवतीलच, परंतु त्यांची संख्या घटेल, हे उघड आहे.

कायद्याचाही विचार करावा लागतो. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. दुचाकीच्या या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. २०२५ साली वीस वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी ते २,००० रुपये करण्यात आले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली, हे स्वागतार्ह पाऊल होते. तथापि त्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवण्यात आले आणि अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही, अशी अट घालण्यात आली. १९८५ सालची आर. एक्स. १०० या नियमाखाली २०३५ मध्ये पात्र होईल. तेव्हा तिचा १९८५ सालचा तरुण चाहता अडुसष्ट वर्षांचा झालेला असेल. शिवाय पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि कार्बोरेटर या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. धोरण म्हणून इथेनॉलचे समर्थन करता येईल. पण जुन्या गाडीच्या मालकाच्या खर्चात त्याने भर पडते, हेही नमूद केले पाहिजे.

हिशेबाची वही

आता ‘दहा वर्षांत दुप्पट’ या सल्ल्याचा हिशेब मांडून पाहू. दहा वर्षांत दुप्पट याचा अर्थ दरसाल सुमारे सव्वासात टक्के. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा व्याजदर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के ठरला. त्या दराने दहा वर्षांत शंभराचे एकशे अठ्ठ्याण्णव होतात, तेही करमुक्त आणि सरकारच्या हमीने. त्या पासबुकाला टायर घालावे लागत नाहीत, ऑइल बदलावे लागत नाही, विमा उतरवावा लागत नाही, पावसाळ्यात गंज चढत नाही आणि मुंबईतील सोसायटीत त्यासाठी जागाही अडत नाही. म्हणजे गाडीची किंमत खरोखरच दुप्पट झाली, तरीही गुंतवणूक म्हणून ती पासबुकाच्या मागेच राहते. ती दुप्पट न होता आहे तेथेच राहिली, किंवा वर सांगितलेल्या कारणांनी उतरली, तर निवृत्त माणसाची शिल्लक तेवढी कमी झाली. ज्यांना हा तोटा पेलवतो, त्यांनी खुशाल हौस करावी. हौसेला हिशेब विचारू नये, पण हौसेला गुंतवणूक म्हणून स्वतःची फसवणूकही करून घेऊ नये.

ज्यांच्या घरी वडिलांची गाडी पडून आहे, त्यांच्यासाठी यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. गाडीवर माया नसेल, ती चालवणारे घरात कोणी नसेल आणि केवळ भाव वाढेल या आशेने ती ठेवली असेल, तर आज ग्राहक भरात असतानाच ती एखाद्या जाणत्या हौशी माणसाच्या हाती सोपवणे शहाणपणाचे आहे. न वापरलेली मोटारसायकल सोन्यासारखी नसते. टाकीत गंज धरतो, रबर तडकते, पिस्टन बोअरमध्ये चिकटून बसतो. तिजोरीतील सोने पडून वाढते. पडवीतील गाडी पडून सडते.

मोल टिकते कशाने

एवढ्यावर थांबलो तर हा लेख केवळ सावधगिरीचा इशारा ठरेल. पण या विषयाला दुसरी बाजू आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. व्हिन्सेंटची किंमत टिकली त्यात विक्रम आणि दुर्मिळता यांचा वाटा मोठा, हे खरे. पण गाड्या चालत्या राहिल्या त्या मालकांच्या संघटनेमुळे. कारखाना बंद पडल्यावर सुटे भाग मिळेनासे होऊ लागले, तेव्हा मालकांनी एकत्र येऊन १९७० च्या दशकात स्वतःची सुट्या भागांची कंपनी काढली. आपापसातील माहिती लिहून ठेवली, आराखडे जपले. इंग्लंडातील सनबीम मोटारसायकल क्लब १९३० पासून १९१५ पूर्वीच्या मोटारसायकलींची ब्रायटनपर्यंतची फेरी भरवत आला आहे. शंभरी उलटलेली यंत्रे त्यात आपल्या चाकांवर धावतात. वस्तू वापरात राहिली, तिचे ज्ञान हस्तांतरित झाले आणि तिला वर्षातून एक तरी मानाचा दिवस मिळाला, तर आठवणारी पिढी गेल्यावरही तिचे मोल पूर्ण नाहीसे होत नाही.

आपल्याकडे हौशी मंडळींचे क्लब झाले आहेत. दरवर्षी जुलै महिन्यात जावा-येझदीचे मालक गावोगावी गाड्या घेऊन जमतात, हे चांगलेच आहे. उणीव आहे ती दुसरीकडे. येझदीचा सायलेन्सर काजळीने तुंबला तर तो जाळून साफ कसा करावा, पॉइंटमधील फट केवळ नजरेने कशी जुळवावी, इंजिनाच्या आवाजावरून कोणते बेअरिंग गेले ते कसे ओळखावे, हे ज्यांना येते ते मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले संगणकाच्या किंवा अन्य व्यवसायांत गेली. त्यात त्यांचा दोष नाही. पण या मिस्त्र्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. गाड्यांचे भाव लाखांत गेले आणि त्या दुरुस्त करणारा मात्र पत्र्याच्या शेडमध्ये शिष्याविना बसला आहे, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. हा माणूस गेला की महागातली महाग गाडीही केवळ शोभेची वस्तू उरेल आणि शोभेच्या वस्तूला फार थोडे ग्राहक असतात.

याबाबतीत करता येण्यासारखे बरेच आहे आणि ते अवघड नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचे आणि यंत्रकामाचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले आहे. बंद पडलेल्या गाड्यांचे भाग नमुन्याबरहुकूम तयार करणे तेथील कारागिरांना अशक्य नाही; मालकांच्या क्लबांनी एकत्रित मागणी नोंदवली तर ते परवडूही शकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन-तीन महिने पाठवता येईल. जुन्या इंजिनात प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते. यंत्राचे तत्त्व शिकायला त्याहून चांगली पाटी नाही. शासनाने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे शुल्क सामान्य माणसाला झेपेल असे ठेवावे आणि महिन्यातून काही दिवस तरी अशा गाड्या मोकळेपणाने रस्त्यावर आणू द्याव्यात. पुण्यात दिनकर केळकर यांनी सामान्य घरांतील अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे जमवली, तेव्हा पुष्कळांना ते वेड वाटले असेल. तो संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज तो महाराष्ट्राचा ठेवा मानला जातो. स्वातंत्र्योत्तर काळातील मध्यमवर्गीय आकांक्षांचा इतिहास सांगणाऱ्या वस्तू कोणी जमवू म्हटले, तर त्यात दूधवाल्याची किटल्या लटकवलेली राजदूत आणि तालुक्याच्या गावातील जावा यांना मानाने जागा द्यावी लागेल.

भारतात या छंदाला एक अनुकूलता आहे, जी पाश्चात्त्य देशांत नाही. २०२४-२५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. दुचाकी ही येथे म्हाताऱ्यांची हौस नसून तरुणांची रोजची गरज आहे. आर. एक्स. १०० बंद पडल्यानंतर जन्मलेली मुलेही तिच्यामागे लागलेली दिसतात, ती यामुळेच. त्यांना तिची आठवण नाही. ती त्यांना हलकी, चपळ आणि आपल्या हाताने उघडून पाहता येण्याजोगी वाटते. ही आवड उसनी असेल, क्षणिकही असेल. ती टिकवायची की विझू द्यायची, हे बऱ्याच अंशी आजच्या वयस्क मालकांच्या हाती आहे. गाडी काचेआड ठेवून तिचा भाव मोजत बसणारा मालक त्या मुलाला परका करतो. चावी हातात देऊन, चोक किती ओढायचा आणि किक कोठपर्यंत दाबून मग सोडायची हे समजावणारा मालक मात्र तिला नवा वारस मिळवून देतो.

बाजारभाव उद्या काय होईल, ते उद्याचे ग्राहक ठरवतील. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तो उतरेल, असेच आजची चिन्हे सांगतात. परंतु पुढच्या पिढीला ही यंत्रे हवीशी वाटावीत की नाही, याचा निर्णय सर्वस्वी तिच्यावर सोपवून चालणार नाही. शिक्षकांना ठाऊक आहे की, गोडी ही वारशाने मिळत नाही, ती लावावी लागते. आपल्या तारुण्याची फटफटी आपल्यानंतरही रस्त्यावर ऐकू यावी, असे ज्यांना वाटते, त्यांनी भाववाढीची वाट पाहण्यात वेळ दवडू नये. गुडघे शाबूत आहेत तोवर शेजारच्या मुलाला ती सुरू करायला शिकवावे.